छत्तिसावा दिवस

पंधरा-सोळा वर्षांपूर्वी माझा एक मावसभाऊ व्यसनमुक्ती केंद्रातून घरी आला. दांडेकर पुलाजवळच्या वस्तीत मावशीचं दोन खोल्यांचं घर आहे. तो येणार त्याच्या आदल्या दिवशी मावशीने कपाटाला नवीन कुलूप आणलं आणि किल्ली मंगळसूत्राला अडकवली. तिला दोष देता येणार नाही. आधीच्या दोन वर्षांत घरातली पितळी भांडी, मिक्सर, काकांचं घड्याळ आणि शेवटी तिच्या कानातली फुलं एकेक करून गेली होती. मी पेढे घेऊन गेलो होतो. भाऊ आला, आईच्या पाया पडला, मान वर करताना त्याला ती किल्ली दिसली. तो काही बोलला नाही. मीही नाही. माझं पाकीट मी रिक्षातून उतरतानाच मागच्या खिशातून पुढच्या खिशात घातलं होतं.

माझ्यासारख्या माणसाला अशा वेळी एकच सुचतं. मी त्याला पुस्तक दिलं. अनिल अवचटांचं ‘मुक्तांगणची गोष्ट’. नववीत शाळा सोडलेल्या, गॅरेजमध्ये आणि मग रिक्षावर दिवस काढलेल्या माणसाने ते महिनाभर पुरवून पुरवून वाचलं. परत देताना म्हणाला, “भारी आहे दादा. पण हे सगळं आत असतानाचं झालं. बाहेर आल्यावरचं कुणीतरी लिहायला पाहिजे.”

तेव्हा मी त्याच्या बोलण्यावर हसलो होतो. आता वाटतं, या विषयावरच्या मराठी लेखनाबद्दल ऐकलेली ती सगळ्यात नेमकी टीका होती. ती मनात ठेवून मी अवचटांची ‘गर्द’ आणि ‘मुक्तांगणची गोष्ट’ ही दोन पुस्तकं पुन्हा एका पाठोपाठ वाचली. हे टिपण त्या वाचनाचं आहे.

आधी थोडा इतिहास. ऐंशीच्या दशकात मुंबई-पुण्यात ब्राऊन शुगर पसरली. रस्त्यावर तिचं नाव ‘गर्द’. एका स्नेह्याचा मुलगा या पुडीच्या नादी लागल्याचं कळलं आणि त्या निमित्ताने अवचट या विषयात शिरले. ते स्वतः डॉक्टर; पण एव्हाना त्यांनी डॉक्टरकी मागे टाकली होती आणि हमाल, विडी कामगार, देवदासी यांच्यात जाऊन, बसून, ऐकून लिहिण्याची स्वतःची एक रीत बनवली होती. त्यांच्या पत्नी डॉ. सुनंदा अवचट येरवड्याच्या मनोरुग्णालयात मानसोपचारतज्ज्ञ होत्या. ‘गर्द’मधलं लेखन पु. ल. आणि सुनीताबाई देशपांडे यांनी वाचलं, ते अस्वस्थ झाले आणि आपल्या प्रतिष्ठानातर्फे त्यांनी मदत देऊ केली. त्यातून 29 ऑगस्ट 1986 रोजी मनोरुग्णालयाच्याच आवारात ‘मुक्तांगण’ सुरू झालं. लेखनामुळे संस्था उभी राहिल्याची उदाहरणं आपल्याकडे फार नाहीत. त्यामुळे ‘गर्द’बद्दल बोलताना आपण त्या पुस्तकाच्या परिणामाबद्दलच बोलतो. पुस्तक म्हणून ते काय करतं, हे बोलायचं राहून जातं.

‘गर्द’ मी पहिल्यांदा कॉलेजात वाचलं, आणि खरं सांगायचं तर चवीने वाचलं. पन्नी, तिच्याखालची काडी, नळीने ओढलेला धूर, पुडी मिळाली नाही की होणारे हाल. आपल्याच शहरात, ओळखीच्या रस्त्यांच्या मागे हे चालतं, याचा एक थरार होता. या खेपेला वाचताना तो थरार उरला नव्हता, कारण त्यातलं बरंच मी घरात पाहिलेलं होतं. मग दुसरंच काही दिसायला लागलं. अवचटांची वाक्यं लहान असतात. उपमा जवळजवळ नाहीत. समोरचा मुलगा बोलतो, हे ऐकतात; कळलं नाही की पुन्हा विचारतात, आणि आपल्याला कळलं नव्हतं हेही लिहून टाकतात. अशा मुलाबद्दल लिहिताना लेखकाला एक उंच जागा आपोआप मिळते. तिथून कीव करता येते, धाकही घालता येतो. अवचट त्या जागेवर बसायचं टाळतात. मुलगा खोटं बोलतोय हे त्यांना कळतं तेव्हाही ते त्याला पकडल्याचा आनंद वाचकाला देत नाहीत. माझ्या दृष्टीने ‘गर्द’चं मोल इथे आहे. व्यसनी मुलाचं आयुष्यभराचं दुखणं हे असतं की त्याचं कुणी खरं मानत नाही. त्याचं बोलणं पूर्ण ऐकून घेणारं पान ही त्याला समाजात परत मिळालेली पहिली जागा असते.

पण ‘गर्द’ हे पडण्याचं पुस्तक आहे, आणि पडणं लिहायला मराठी साहित्य शिकलेलं होतं. त्याच्या वीसेक वर्षं आधी जयवंत दळवींची ‘चक्र’ (1963) आणि भाऊ पाध्यांची ‘वासूनाका’ (1965) येऊन गेली होती. ‘वासूनाका’तला पोक्या नाक्यावरूनच बोलतो, त्या पोरांना सुधारायला कुणी येत नाही आणि लेखकालाही ती घाई नाही. त्या काळी त्या पुस्तकावर अश्लीलतेचा एवढा गदारोळ झाला की ही पोरं नाक्यावर का उभी आहेत आणि त्यांना उभं राहायला दुसरी जागा कुठे होती, हा प्रश्न बाजूलाच पडला. पडण्याला गोष्ट असते. रोज काहीतरी नवं घडतं, आज भांडं गेलं, उद्या घड्याळ. वाचक पान उलटत राहतो.

दुसरी वाट आपल्या आत्मकथनांनी लिहिली. लक्ष्मण मान्यांचं ‘उपरा’ (1980), लक्ष्मण गायकवाडांचं ‘उचल्या’ (1987). ही बाहेर पडण्याची पुस्तकं आहेत. पालातून, तांड्यातून, पोलिसांच्या यादीतून शाळेच्या दारापर्यंत आणि तिथून पुढे. या पुस्तकांनी एक गोष्ट कायमची सांगून ठेवली आहे: काही मुलांच्या बाबतीत ‘समाजात परत येणं’ हा शब्दप्रयोगच खोटा आहे, कारण त्यांना मुळात कधी आत घेतलेलंच नव्हतं. इंग्रजांनी 1871 च्या कायद्याने ज्या जमातींना जन्मजात गुन्हेगार ठरवलं त्यांच्यावरचा तो कायदा 1952 साली रद्द झाला. शिक्का मात्र रद्द झाला नाही. ‘उचल्या’तल्या माणसाने चोरी केलेली नसली तरी पोलीस त्याच्याच दारात येतात.

पडणं आणि बाहेर पडणं, या दोन्हींच्या मध्ये तिसरी गोष्ट राहते: परत येणं. तीच लिहायला सगळ्यात अवघड, कारण तिच्यात काही घडत नाही. घडत नाही हेच तिचं यश असतं. आज प्यायला नाही. आजही नाही. मंगळवारीही नाही. याची कादंबरी कशी लिहायची?

‘मुक्तांगणची गोष्ट’ या अडचणीला समोरून भिडतं. मुक्तांगणमधला उपचाराचा मुक्काम 35 दिवसांचा. पुस्तक एका अर्थी या 35 दिवसांच्या वेळापत्रकाचं आहे: ठरल्या वेळी उठणं, साफसफाई, व्यायाम, गटात बसून बोलणं, ऐकणं. पहिल्या वाचनात मला याचा कंटाळा आला होता. एक मुलगा येतो, सुधारतो, जातो, पुन्हा पितो, पुन्हा येतो. मग दुसरा. मग तिसरा. आता वाटतं, कंटाळा येणं हे या पुस्तकाच्या बाजूने पडणारं मत आहे. उपचार म्हणजे हीच पुनरावृत्ती. ती कापून पुस्तक वेगवान केलं असतं तर ते खोटं झालं असतं. पुन्हा प्यायलेला मुलगा परत आला की त्याला आत घेतात, हा या गोष्टीतला खरा कथाभाग आहे. इतर गोष्टींमध्ये नायक एकदा बदलतो आणि बदललेलाच राहतो. इथे दार किती वेळा उघडलं जातं, ते मोजायचं असतं.

सुनंदाताईंचं चित्र या पुस्तकात फार चांगलं उतरलंय, आणि ते चित्र नवऱ्याने काढलेलं असूनही भाबडं झालेलं नाही. व्यसन हा आजार आहे, गुन्हा नाही, हे वाक्य आज भिंतीवरच्या पोस्टरवर असतं. त्या ज्या काळात ते रोजच्या वागण्यात आणत होत्या तेव्हा ते पोस्टर झालेलं नव्हतं. मनोरुग्णालयाच्या आवारातल्या जागेला ‘मुक्त अंगण’ म्हणायचं आणि तिथे वॉर्डाची भाषा न वापरता घराची भाषा वापरायची, हा त्यांचा हिशेब होता. त्या 1997 साली गेल्या. संस्था थांबली नाही, कारण तोवर ती एका माणसावर उभी राहिलेली नव्हती. तिथे उपचार घेऊन सावरलेले कितीतरी जण तिथेच समुपदेशक झाले होते.

ही मदतीची उलटी बाजू या पुस्तकात सापडते, आणि तिला बाहेरच्या जगात एक जुना धागा आहे. 1935 साली अमेरिकेतल्या ॲक्रन शहरात बिल विल्सन नावाचा शेअरबाजारातला माणूस कामासाठी गेला होता. दारू सोडून काही महिनेच झाले होते आणि त्या दिवशी पुन्हा प्यावीशी वाटत होती. त्याने डॉक्टर शोधला नाही. आपल्यासारखाच दुसरा दारुडा शोधला. त्या भेटीतून ‘अल्कोहोलिक्स ॲनॉनिमस’ सुरू झालं. विल्सन मदत मागायला गेला नव्हता, मदत करायला गेला होता. आणि त्यामुळेच तो स्वतः वाचला. मुक्तांगणमधला समुपदेशक समोरच्याला “मी पण तुझ्याच खुर्चीत बसलो होतो” असं सांगू शकतो, तेव्हा दोघांच्याही पायाखाली जमीन येते. उपेक्षित मुलांना आपण नेहमी काहीतरी द्यायला जातो: शिबिर, वह्या, भाषण. त्यांच्याकडून काही मागायला जात नाही. माझ्या भावाकडून त्या काळात कुणीही काही मागितलं नव्हतं. मागण्यासारखं त्याच्याकडे काही असेल, हेच कुणाच्या मनात येत नव्हतं.

मुक्तांगणमध्ये व्यसनमुक्तीचे वाढदिवस साजरे होतात, एक वर्ष, दोन वर्षं, दहा वर्षं. पुस्तकात हे वाचताना मला वाटतं, ‘काहीच घडलं नाही’ ही गोष्ट सांगायचा मार्ग या माणसांनी शोधून काढलाय. ज्या दिवशी काही घडलं नाही तो दिवस मोजायचा, आणि मोजलेल्या दिवसांचा चारचौघांत समारंभ करायचा. साहित्याला जे जमलं नाही ते त्यांना जमलं.

मग भावाची तक्रार कुठे बसते? ती इथे बसते की छत्तिसाव्या दिवशी तो मुलगा पिशवी घेऊन दाराबाहेर पडतो आणि पुस्तकाचं लक्ष पुढच्या आलेल्या मुलाकडे वळतं. पुढे पाठपुरावा आहे, पत्रं आहेत, गावोगावच्या मित्रांचे गट आहेत, बायकांसाठी ‘सहचरी’सारखा गट आहे. व्यसनात सापडलेल्या स्त्रियांसाठी पुढे ‘निशिगंध’ हा वेगळा विभागही सुरू झाला. हे सगळं आहे, आणि ते मोठं काम आहे. पण माझ्या वाचनात घर जे भेटतं ते बहुतेक संस्थेत आलेलं घर असतं: समोर बसून रडणारी आई, गप्प बाप. घरात राहिलेलं घर, कुलूप आणणारं घर, दिसत नाही. चाळीतले शेजारी, उधारी बंद केलेला वाणी, कामावर पुन्हा न घेणारा गॅरेजवाला, पाकीट पुढच्या खिशात घालणारा मावसभाऊ, यांना पुस्तकात जागा नाही. संस्थेच्या आतून लिहिलेल्या पुस्तकाची ही मर्यादा आहे. अवचटांना ती दिसली नसेल असं नाही. पण त्यांची नजर स्वभावतःच जुळणाऱ्या गोष्टींकडे जाते. न जुळलेल्यावर ते फार काळ थांबत नाहीत.

आणखी एक गोष्ट बोलायला हवी. ‘उपरा’ नि ‘उचल्या’ वाचून या पुस्तकाकडे आलं की जातीचा आवाज इथे फार हळू झालेला जाणवतो. व्यसन सगळ्यांना सारखंच गाठतं, हे खरं. परतीचा रस्ता सगळ्यांना सारखा नसतो. पेठेतल्या मुलाला परत यायला वाडा असतो, मामाचं दुकान असतं, ‘आजारी होता’ म्हणून झाकून घेणारं नात्यांचं जाळं असतं. वस्तीतला मुलगा परत येतो तेव्हा पोलीस चौकीतल्या वहीत त्याचं नाव असतं आणि बिगारीच्या नाक्यावर त्याची जागा दुसऱ्याने घेतलेली असते. आजार एकच मानला तरी छत्तिसावा दिवस दोघांचा वेगळा उगवतो.

याच जागी मला नागराज मंजुळेंचा ‘झुंड’ (2022) आठवतो. विषय नागपूरचा: हिस्लॉप कॉलेजातले क्रीडाशिक्षक विजय बारसे यांनी 2001 पासून झोपडपट्टीतल्या मुलांना फुटबॉलच्या मैदानावर आणलं, त्यावर बेतलेला. पहिल्या भागात सिनेमा उद्धारकाच्या गोष्टीसारखा वागतो, आणि अमिताभ बच्चन समोर असल्यावर दुसरं काय होणार? पण मध्यंतराआधीच सामना जिंकून होतो. नेहमीचा सिनेमा जिथे संपतो तिथून मंजुळे पुढे निघतात, आणि पुढे काय आहे? कागद. पासपोर्ट. रहिवासाचा दाखला. आपण आहोत हे सिद्ध करायला एक बाप मुलीला घेऊन कचेरीमागून कचेरी फिरतो. ज्या मुलाला फुटबॉलने बदललं त्याची जुनी केस कोर्टात उभी राहते. विमानतळावर तपासणीच्या दारातून तो जातो, तेव्हा प्रेक्षक गोल होताना धरत नाहीत एवढा श्वास धरून बसतात. ‘बदललास, आता ये’ असं म्हणणारा समाज प्रत्यक्षात किती दारं लावून बसलेला असतो, हे मराठी लेखकांनी गद्यात जेवढं दाखवलं नाही तेवढं या हिंदी सिनेमाने दाखवलं.

तरी सिनेमाही विमान उडालं की थांबतो. स्पर्धा संपवून तो मुलगा परत त्याच वस्तीत, त्याच भिंतीपाशी उतरेल, तो दिवस आपल्याला दिसत नाही. जाण्याचं दृश्य मोठ्या पडद्यावर मावतं, परत येण्याचं मावत नाही.

माझा भाऊ पहिल्या खेपेला टिकला नाही. पाच महिन्यांनी पुन्हा पिऊ लागला, पुन्हा केंद्रात गेला, पुन्हा आला. कपाटाचं कुलूप तसंच होतं. दुसऱ्या खेपेनंतर दोनेक महिन्यांनी गणपती आले. वस्तीतल्या मंडळाचा खजिनदार त्याच्याहून वयाने लहान, शाळेत एक-दोन यत्ता मागे असलेला. तो एका संध्याकाळी दारात आला आणि वर्गणीचं पावतीपुस्तक भावाच्या हातात देऊन म्हणाला, “मागच्या दोन गल्ल्या तू घे. पोरं कमी पडतायत.” बस, एवढंच. उपदेश नाही, हमी नाही. मावशी आतून बघत होती. तिने मला नंतर सांगितलं की तिच्या पोटात गोळा आला होता. धावत जाऊन ते पुस्तक काढून घ्यावं असं वाटलं होतं.

त्याने दोन गल्ल्यांची वर्गणी जमा केली. रोज रात्री खजिनदाराच्या घरी जाऊन पैसे मोजून देत होता, फाडलेल्या पावत्यांचा हिशेब लावत होता. एका पावतीचे 51 रुपये कमी आले, तर खजिनदार “उद्या बघू” म्हणाला आणि दुसऱ्या दिवशी ते एका घरून यायचे राहिलेले निघाले. भाऊ ही 51 रुपयांची गोष्ट आजही सांगतो. 35 दिवसांतलं फारसं काही सांगत नाही.

मंडळं काही संतांचे आखाडे नव्हेत, हे पुण्यात कुणाला सांगायला नको. त्याच मांडवामागे विसर्जनाच्या रात्री बाटल्याही फुटतात. त्या रात्री भाऊ घरात दार लावून बसला होता. आणि तो खजिनदार काही समाजसेवक नव्हता. त्याला पोरं कमी पडत होती, म्हणून तो आला. पण त्याने माझ्या भावाला जे दिलं ते मी पुस्तक देऊन दिलं नव्हतं. माझं पुस्तक त्याला ‘तू रुग्ण आहेस आणि बरा होशील’ असं सांगत होतं. ते पावतीपुस्तक सांगत होतं की त्याच्यावाचून काहीतरी अडलंय.

मावशीचं कुलूप नेमकं कधी निघालं, ते मला माहीत नाही. मी ती तारीख लक्षात ठेवायला हवी होती. मुक्तांगणची माणसं तिचाही वाढदिवस करतील. एका दिवाळीत गेलो तेव्हा फराळाचे डबे काढायला मावशीने त्यालाच कपाट उघडायला सांगितलं आणि ते नुसतं ओढल्यावर उघडलं.

27 जानेवारी 2022 रोजी अवचट गेले. त्यानंतर त्यांच्यावर बरंच लिहिलं गेलं: ओरिगामी, बासरी, लाकडातलं काम, साधेपणा. सगळं खरं. पण त्यांनी मागे ठेवलेलं काम मला तरी अर्धवट पोथीसारखं दिसतं, आणि हे मी कौतुकाने म्हणतोय. ऐकायचं कसं आणि ऐकलेलं न रंगवता लिहायचं कसं, ते त्यांनी करून दाखवलं. त्याच रीतीने आता संस्थेच्या दाराबाहेर बसायला हवं. परत आलेल्या मुलासमोर तर बसायला हवंच. त्याच्याबरोबर वाणी, शेजारीण, मुकादम, चौकीतला हवालदार, मंडळाचा खजिनदार यांच्यासमोरही. “तो आला त्या दिवशी तुम्ही काय केलंत?” एवढंच विचारायचं आणि मग गप्प राहायचं.

माझ्यापुरतं उत्तर मी वर लिहिलं आहे. पाकीट पुढच्या खिशात घातलं. हे मी भावाला अजून सांगितलेलं नाही, पण तो ही पानं वाचेल. वाचतो तो आता. मला पुस्तकं सुचवतोही.